एकट्या पिंजऱ्यातला उंदीर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

नवीन पीएचडी आणि एम.फार्मची मुलं ॲनिमल हाऊसमध्ये आली की पहिल्या महिन्याभरात हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचे नीट लिहून काढतेय. मी बरीच वर्षं उंदरांबरोबर काम करतेय आणि मला मनापासून सांगायचंय ते एवढंच, की एकटा ठेवलेला उंदीर म्हणजे "तोच उंदीर, फक्त वेगळ्या पिंजऱ्यात" असं नसतं. तुम्ही त्याला औषधाचा पहिला डोस द्यायच्या आधीच त्याच्या मेंदूवर एक मोठा प्रयोग करून झालेला असतो.

सोशल आयसोलेशन म्हणजे नक्की काय करतात?

एका पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवायचा, बस. खाणं, पाणी, बेडिंग (पिंजऱ्यात तळाला पसरतात तो भुसा), बारा तास उजेड बारा तास अंधार, सगळं बाकीच्यांसारखंच, फक्त सोबत नाही. साध्या उघड्या पिंजऱ्यात शेजारच्यांचा वास येतो, आवाज येतो (त्यांचे बरेचसे आवाज अल्ट्रासॉनिक असतात, आपल्याला ऐकूच येत नाहीत), पण आयव्हीसी रॅकमध्ये प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा असते त्यामुळे तेही बरंच कमी होतं. शिवाय कुणी २४ तास एकटं ठेवतं, कुणी २ आठवडे, कुणी ८ आठवडे. तेव्हा दोन पेपरमध्ये "आयसोलेटेड" हाच शब्द दिसला म्हणून दोन्हीकडे एकच गोष्ट झालीये असं धरू नका.

उंदीर म्हणजे माईस की रॅट?

मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. इथे उंदीर म्हणजे माईस, २०-३० ग्रॅमचा छोटा. रॅट त्याच्या दहापट वजनाचा, वागायलाही वेगळा, आणि आयसोलेशनचे रॅटवरचे निकाल उचलून माईसला चिकटवू नका. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या लॅबमध्ये पिल्लांना रोज थोडा वेळ आईपासून दूर ठेवलं तर पुढे काय होतं यावर बरंच काम झालंय, ते मुख्यतः रॅटवरचं आहे आणि तो प्रश्नही थोडा वेगळा आहे, आईपासून तोडणं आणि भावंडांपासून तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुळात लोक उंदीर एकटा ठेवतातच का?

मुद्दाम एकटेपणाचाच अभ्यास करणारे त्या मानाने थोडे. बाकी सगळे सोयीसाठी ठेवतात. साखरेच्या पाण्याची टेस्ट करायची असेल तर कुठल्या उंदराने किती प्यायलं हे कळायला एकटा पिंजरा लागतो. घरटं किती चांगलं बांधतो ते बघायलाही ती रात्र एकट्याची. डोक्यावर इलेक्ट्रोड किंवा कॅन्युला (औषध आत सोडायची बारीक नळी) बसवली की सोबती ती कुरतडतील म्हणून वेगळं, ऑपरेशननंतर टाके उघडतील म्हणून वेगळं, नर भांडले म्हणून वेगळं. यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं आहे, पण मग पेपर लिहिताना मेथड्समध्ये एक ओळसुद्धा नसते की हे उंदीर किती दिवस एकटे होते, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो.

नर तर एकमेकांना चावतात, मग त्यांना सोबत हवी असते हे कशावरून?

चावतात हे खरंय, नर हद्द सांभाळणारा प्राणी आहे, पण दुपारी पिंजरा न हलवता आत बघा, लहानपणापासून एकत्र वाढलेले चार नर एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपलेले असतात, कुणाचं नाक कुणाच्या पोटाखाली, गुलाबी कान तेवढे वर. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात नरांना निवड देऊन बघितलं होतं, तेव्हा त्यांनी रिकाम्या जागेपेक्षा दुसऱ्या नराच्या जवळ झोपणं पसंत केलं. माद्यांचं तर विचारूच नका, त्या एकाच घरट्यात पिल्लं घालतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतात.

एकटं ठेवल्यावर वागण्यात काय फरक दिसतो?

सगळ्यात जुना आणि ठळक फरक म्हणजे नरांचा आक्रमकपणा. १९५०-६० च्या दशकांपासून हे माहीत आहे, मिलानमध्ये लुइजी वाल्झेल्ली यांनी यावर खूप काम केलं, आणि तेव्हा तर मनाला शांत करणारी औषधं तपासायला एकटे ठेवून भांडखोर झालेले उंदीर ही एक नेहमीची पद्धतच होती.

आज हे रेसिडेंट-इंट्रूडर टेस्टने बघतात. एकट्या नराच्या पिंजऱ्यात एक लहान, शांत, अनोळखी नर सोडायचा आणि पहिला हल्ला किती सेकंदांनी होतो, किती वेळा होतो ते मोजायचं. मी पहिल्यांदा ही टेस्ट बसून बघितली तेव्हा चावण्यापेक्षा त्याच्या आधीचं लक्षात राहिलं. तो एकटा राहिलेला नर आधी अंग ताठ करतो, पाठीवरचे केस उभे राहतात, मग शेपूट वेगाने थरथरायला लागते आणि बेडिंगवर तिचा तडतड आवाज येतो, खोली शांत असेल तर टेबलाच्या पलीकडूनही ऐकू येतो, आणि त्यानंतर क्षणभरात तो समोरच्याच्या पाठीवर असतो. समोरचा बिचारा नुसता हुंगायला पुढे आला होता.

दुसरा फरक भीतीचा. धोका दिसला की उंदीर जागीच थिजतो, हे नॉर्मल आहे, पण गटातला उंदीर धोका गेल्यावर पुन्हा फिरायला लागतो आणि एकटा राहिलेला बराच वेळ तसाच थिजून बसतो. डोक्यावरून शिकारी पक्षी येतोय असं वाटावं म्हणून स्क्रीनवर मोठी होत जाणारी काळी चकती दाखवतात, त्यात हे फार स्पष्ट दिसतं. मला हा भीती न उतरण्याचा भाग भांडणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

काळजीच्या (अँग्झायटीच्या) टेस्ट म्हणजे प्लस मेझ (उंचावरचा अधिकच्या चिन्हासारखा मार्ग, दोन हात उघडे, दोन भिंतींचे), ओपन फील्ड (मोकळी रिकामी पेटी), उजेड-अंधाराची पेटी, यात मात्र निकाल एकसारखे येत नाहीत. कुठे एकटे उंदीर जास्त घाबरलेले दिसतात, कुठे काहीच फरक नाही, कुठे उलट जास्त धावपळ करतात म्हणून उघड्या हातांवर जास्त गेले असं दिसतं आणि कुणीतरी लिहून मोकळं होतं की काळजी कमी झाली. धावपळ वेगळी मोजल्याशिवाय असं काही लिहू नका.

मेंदूत नक्की काय होतं?

यावर एकच उत्तर नाही, तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी लोक पोचलेत.

कॅलटेकमध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या लॅबने २०१८ मध्ये दाखवलं की २ आठवडे एकटं ठेवलेल्या नरांच्या मेंदूत टॅक-२ हे जीन बऱ्याच भागांत एकदम वाढतं, त्यापासून न्यूरोकायनिन-बी नावाचं छोटं प्रोटीन तयार होतं. ते पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर (म्हणजे रेणू बसायच्या जागेवर) बसतं तो ओसॅनेटंट या औषधाने अडवला की भांडणंही कमी आणि थिजणंही कमी. आणि यातली मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट म्हणजे एकच रेणू वेगवेगळ्या भागांत वेगवेगळं काम करतो, एका भागात अडवला तर रेंगाळणारी भीती जाते, दुसऱ्या भागात अडवला तर आक्रमकपणा जातो. उलट बाजूने गटात राहणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हेच मुद्दाम वाढवलं तर ते एकटे राहिल्यासारखे वागायला लागतात.

दुसरी वाट शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातली, ॲलेसांद्रो ग्विदोत्ती आणि सहकाऱ्यांची. मेंदू स्वतःच ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं एक स्टेरॉइड बनवतो, ते गाबाच्या (मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या) रिसेप्टरवर बसून मेंदूला शांत ठेवतं. काही आठवडे एकट्या ठेवलेल्या नरांमध्ये हे कमी होतं आणि आक्रमकपणा वाढतो. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या अगदी कमी डोसने ते परत वर येतं. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांतल्या मुलांनी हे नीट वाचावं, कारण आपण बहुतेक स्विस अल्बिनो हे पांढरे उंदीरच वापरतो आणि हे कामही स्विस वंशाच्याच उंदरांवरचं आहे. म्हणजे तुम्ही एखादा अर्क "शांत करणारा" आहे का ते बघायला एकटे उंदीर वापरत असाल तर त्यांची शांत राहायची स्वतःची यंत्रणाच आधी खाली गेलेली असू शकते.

तिसरं, एमआयटीत के टाय यांच्या लॅबचं २०१६ चं काम. फक्त २४ तासांच्या एकटेपणाने मेंदूच्या मागच्या भागातल्या, डॉर्सल राफेमधल्या डोपामिन पेशींची जोडणी बदलते आणि सोबती परत भेटला की त्या जोरात पेटतात. त्या पेशी मुद्दाम चालू केल्या तर उंदीर सोबत शोधतो, पण जिथे त्या चालू होतात ती जागा त्याला नकोशी वाटते. भुकेसारखंच झालं हे, पोटात खड्डा पडला की आपण अन्न शोधतो पण तो खड्डा कुणाला आवडतो?

किती दिवसांनी फरक पडतो?

एक दिवसात उंदीर सोबतीसाठी आसुसतो, परत भेटवलं तर जास्त हुंगतो, जास्त चिकटतो. २ आठवड्यांनी चित्र पालटतं, तोच उंदीर आता अनोळखी नराला चावतो. अँडरसन यांच्या कामातही २४ तासांत यातले बहुतेक परिणाम दिसले नव्हते. "फक्त वीकेंडपुरता वेगळा ठेवला होता" हेही काहीच न केल्यासारखं नाही, फक्त वेगळ्या प्रकारचा परिणाम आहे.

वयाने फरक पडतो का?

खूप. पिल्लू साधारण २१ व्या दिवशी आईपासून वेगळं करतात, यालाच वीनिंग म्हणतात. बॉस्टनला गॅब्रिएल कॉर्फास यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की त्या २१ व्या दिवसापासून ३५ व्या दिवसापर्यंत, म्हणजे फक्त दोन आठवडे, पिल्लू एकटं ठेवलं आणि मग परत गटात सोडलं तरी मोठेपणी मेंदूच्या पुढच्या भागातलं मायलिन, म्हणजे चेतातंतूवरचं वेष्टण, पातळच राहतं, मिसळणं कमी राहतं, कामापुरती स्मरणशक्तीही (वर्किंग मेमरी) कमी पडते. तेच ३५ व्या दिवसानंतर एकटं ठेवलं तर हे दिसत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये हिरोफुमी मोरिशिता यांच्या गटालाही २०२० मध्ये याच वयातल्या दोन आठवड्यांचा मोठेपणीच्या मिसळण्यावर परिणाम दिसला, त्यांनी पुढच्या मेंदूपासून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्राच्या एका छोट्या भागाकडे जाणारी वाट शोधून काढली.

मोठ्या उंदरात मात्र आशा आहे. २०१२ मध्येच पॅट्रिझिया कासाचिया यांच्या गटाने मोठे उंदीर ८ आठवडे एकटे ठेवले, मायलिन पातळ झालं, उंदीर दुसऱ्यांना टाळायला लागले, आणि मग ४ आठवडे सोबत दिल्यावर वागणं सुधारलं.

म्हणून वीनिंगच्या वेळी एखादं पिल्लू उरतं ना, विषम संख्येतलं शेवटचं, ते "राहू दे एकटं, नंतर बघू" असं करू नका. मी एकदा केलंय, कामाच्या गडबडीत, आणि मोठेपणी तो उंदीर कुठल्याच गटाचा झाला नाही. जवळच्या वयाच्या पिल्लांमध्ये त्याच दिवशी घाला.

नुसतं जाळीपलीकडे दुसरा उंदीर ठेवला तर?

मला आधी वाटायचं चालेल. २०२५ च्या सुरुवातीला हार्वर्डमधल्या कॅथरीन ड्यूलाक यांच्या लॅबचं काम आलं, त्यात माद्या जाळीने वेगळ्या केल्या होत्या, वास येतोय, दिसतंय, ऐकू येतंय, पण अंगाला अंग लागत नाही. आणि परत एकत्र आल्यावर त्या पूर्ण एकट्या ठेवलेल्यांसारख्याच एकमेकींना बिलगल्या. म्हणजे स्पर्शच हवा. त्याच कामात एकट्या राहिलेल्या उंदरांना मऊ कापड लावलेला बोगदा दिला तर ते साध्या बोगद्यापेक्षा त्यातूनच जाणं पसंत करत होते. हे वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होते खरं सांगायचं तर.

पण जाळी अगदी बिनकामाची असंही म्हणणार नाही. ऑपरेशन झालेला उंदीर असेल तर काहीच नसण्यापेक्षा बरी.

माद्यांवर परिणाम कमी होतो ना?

माद्या कमी भांडतात म्हणून लोकांना तसं वाटतं. भांडण हीच एक खूण धरली की माद्यांचा ताण दिसतच नाही. कॅलगरीत जयदीप बैन्स यांच्या लॅबने २०१६ मध्ये लहान वयाच्या उंदरांना एक दिवसाहूनही कमी वेळ भावंडांपासून तोडलं, तर ताणाची साखळी सुरू करणाऱ्या पेशींमध्ये माद्यांत बदल दिसला आणि नरांत दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की ताण दिलेला उंदीर सोबत्याकडे परत आला की सोबत्याच्या पेशींतही तोच बदल होतो, आणि माद्यांमध्ये सोबतीमुळे ताण दिलेलीचा बदल ओसरतो, नरांमध्ये नाही.

ताण मोजायचा कसा? कॉर्टिकोस्टेरॉन बघितलं की झालं ना?

झालं असतं तर बरं झालं असतं. माणसात कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन, इथपर्यंत ठीक. पण ते दिवसभरात वरखाली होतं, अंधार पडायच्या सुमाराला सगळ्यात वर असतं कारण उंदीर तेव्हा उठतो. तुम्ही निम्मे सकाळी दहाला आणि निम्मे संध्याकाळी सहाला घेतलेत तर तुम्ही घड्याळ मोजलंत. शिवाय उंदीर हातात धरल्यावर साधारण तीन मिनिटांत ते चढायला लागतं, म्हणजे पिंजऱ्यातला पहिला आणि चौथा उंदीर यांचे आकडे सारखे नसणार. लेंड्यांमधून मोजणं त्यातल्या त्यात बरं, उंदराला धरावं लागत नाही.

आणि बरेच आठवडे एकट्या ठेवलेल्या उंदरांत साधं बसल्या वेळचं कॉर्टिकोस्टेरॉन पुष्कळदा नॉर्मलच येतं. म्हणून ताण नाही असं नव्हे. घरटं बघा, वजन बघा, अंगावरचे केस नीट चाटलेले आहेत का बघा. दाबलेल्या कापसाची चौकोनी वडी संध्याकाळी ठेवायची, सकाळी बरा उंदीर ती पूर्ण पिंजून वाटीसारखं खोल घरटं करून आत बसलेला असतो, आणि बरं नसलेल्याच्या पिंजऱ्यात वडी जवळपास तशीच, नाहीतर नुसते धागे पसरलेले. एक पैसा न लागणारी टेस्ट आहे ही.

एकट्या उंदराला थंडी वाजते का?

हो, आणि हे जवळजवळ कुणी विचारात घेत नाही! उंदराला स्वतःचं शरीर गरम ठेवायला मेहनत लागू नये असं तापमान साधारण ३० अंश, आणि आपण खोली ठेवतो २२-२४ वर कारण आपल्याला एप्रन घालून काम करायचं असतं. गटातले उंदीर ढीग करून ऊब टिकवतात. एकट्याकडे ढीग नाही. मग त्याचं खाणं, चरबी, वजन यात जो फरक दिसतो त्यात एकटेपणा किती आणि थंडी किती? भरपूर घरट्याचं सामान दिलंत तर हा प्रश्न निम्मा तरी सुटतो.

आमचे नर भांडतायत, वेगळे करू?

रक्त निघालं असेल, पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी चावे दिसत असतील तर हो, लगेच. पण वेळ तिथपर्यंत येऊ देऊ नका. वीनिंगपासूनचा गट फोडायचा नाही, मधेच नवीन नर घुसवायचा नाही, ब्रीडिंगला वापरलेला नर परत नरांत टाकायचा नाही. आणि पिंजरा बदलताना जुन्या घरट्याचा कापूस नवीन पिंजऱ्यात न्यायचा पण लघवी झालेलं बेडिंग न्यायचं नाही, हेही उत्रेख्तच्याच लोकांनी दाखवलंय, घरट्याच्या वासाने भांडणं कमी होतात आणि घाण बेडिंगने वाढतात. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून साफसफाईच्या दिवशीची मारामारी कमी झाली. खूपदा दांडगाई करणारा एकच असतो, तो काढला की बाकीचे तिघे शांत, तेव्हा चौघांना चार पिंजरे देण्याआधी अर्धा तास बसून बघा.

वेगळा केलेला नर परत गटात टाकता येतो का?

मोठा नर, काही आठवडे एकटा राहिलेला, नको. मरेपर्यंत मारामारी होऊ शकते. मादी असेल तर सहसा जमतं, एखाद-दोन दिवस लक्ष ठेवायचं.

एकटं ठेवणं टळतच नसेल तर काय करू?

घरट्याचं सामान भरपूर, लपायला कागदी नळकांडं, रॅकवर जागा अशी की शेजारी पिंजरे आहेत. शेपटीला धरून उचलू नका, नळकांड्यात किंवा ओंजळीत घ्या, लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी २०१० मध्येच दाखवलंय की शेपटीला धरलेले उंदीर माणसाला टाळतात आणि जास्त घाबरलेले असतात. आणि कंट्रोल गटही (तुलनेसाठीचा, ज्याला औषध देत नाही तो) तितकेच दिवस एकटा ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. औषधाचा गट एकटा आणि कंट्रोल चौघांत, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

भारतात याला परवानगी लागते का?

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. देशपातळीवरची समिती सीसीएसईए, आधी तिलाच सीपीसीएसईए म्हणायचे, आणि प्रत्येक संस्थेत आयएईसी, म्हणजे संस्थेची स्वतःची प्राणी-नीतिमत्ता समिती, असते. परवानगीसाठीचा फॉर्म बी भरताना नुसतं "ॲनिमल्स विल बी हाउस्ड ॲज पर गाइडलाइन्स" लिहून सोडू नका, एकटे ठेवणार असाल तर किती दिवस आणि का ते सांगा. चांगली कमिटी हे विचारतेच, आणि विचारलं तर चिडू नका.

दुसऱ्या लॅबला जे दिसलं ते आम्हाला दिसत नाही, आमचं चुकतंय का?

असेलच असं नाही. १९९९ मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी तेच वंश, तीच उपकरणं, तोच दिवस ठरवून तीन शहरांत एकाच वेळी टेस्ट केल्या तरी काही निकाल वेगळे आले. २०१४ मध्ये मॅकगिलमधल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की खोलीत पुरुष असला, अगदी त्याने घातलेला टी-शर्ट जरी ठेवला, तरी उंदरांचा ताण वाढतो. वंशाचाही फरक आहे, ब्लॅक सिक्स आणि बाल्ब-सी यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय गटातला उंदीर म्हणजे सुखी उंदीर असंही नाही, त्यातला खालच्या पायरीवरचा रोज मार खात असतो आणि तुमच्या कंट्रोलच्या आकड्यांत तोही आहे.

हे माणसांना लागू होतं का?

थोडंसं, सांभाळून. २०२० मध्ये एमआयटीत माणसांना १० तास एकटं ठेवून मग लोकांच्या गप्पांचे फोटो दाखवले, तेव्हा मेंदूच्या मध्यभागात तसाच प्रतिसाद दिसला जसा उपाशी माणसाला जेवणाचा फोटो दाखवल्यावर. भुकेची उपमा दोघांनाही लागू पडते म्हणायचं. पण माणूस एकटा असून एकाकी नसू शकतो आणि भरल्या घरात एकाकी असू शकतो, पिंजऱ्यातल्या उंदराच्या बाबतीत आपण फक्त एकटं असणं मोजतो. ओसॅनेटंट माणसांत दुसऱ्या आजारांसाठी वापरून बघितलं गेलं होतं, तिथे उपयोग झाला नाही, आणि एकटेपणावरची गोळी म्हणून कुणी ते विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

पिंजऱ्याच्या कार्डवर काय लिहायचं?

वंश, नर की मादी, जन्मतारीख हे सगळे लिहितात. त्याखाली हेही लिहा: कुठल्या तारखेपासून एकटा, का, आधी कुठल्या पिंजऱ्यात कुणाबरोबर होता, शेवटचं कुणी कसं उचललं. पेन्सिलने लिहा, शाई निर्जंतुक करताना पुसली जाते. आणि कार्ड पिंजऱ्याबरोबर फिरलं पाहिजे, रॅकवर राहता कामा नये, नाहीतर दोन महिन्यांनी डेटा घेऊन बसलात की सतरा नंबरचा उंदीर ९ दिवस एकटा होता का ३९, हे कुणालाच सांगता येत नाही.